घरात सगळेच पितात, मग माझंही ठरलेलंच का?

26 वर्षांच्या एका इंजिनिअरचा प्रश्न आहे. आजोबा दारूपायी गेले, थोरले काका चाळिशीतच लिव्हर खराब होऊन गेले, वडील रोज पितात. आई म्हणते, 'तुमच्या रक्तातच आहे ते.' गेलं वर्षभर हा मुलगा जीन्स, हॉर्मोन्स, उत्क्रांती यांवरचे पॉडकास्ट ऐकतोय. आता त्याचीही खात्री पटत चालली आहे, की माणसाचं वागणं म्हणजे शेवटी शरीरातलं रसायन. प्रेम, राग, व्यसन, इतकंच काय, समाजातली उतरंडसुद्धा. म्हणून तो तीन गोष्टी विचारतो: माझं ठरलेलंच आहे का? जीन टेस्ट करून घेऊ का? आणि सगळं रक्तातच असेल, तर बाबांवर रागावण्यात काही अर्थ उरतो का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी 27 वर्षं व्यसनाचे रुग्ण बघते आहे. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. दारूच्या व्यसनात शरीराचा, आनुवंशिकतेचा वाटा आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर ठणठणीत 'हो' आहे. शरीर सांगितलं की सगळं सांगून झालं का, हा दुसरा. त्याचं उत्तर 'नाही', आणि तुमची गाडी नेमकी इथे घसरली आहे. तुम्ही स्वतः पिता का, कितव्या वर्षी सुरुवात केली, घरात मारझोड होती का, नैराश्याचा त्रास आहे का, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. या प्रत्येक उत्तराने माझा सल्ला थोडा थोडा बदलेल. तेव्हा खाली लिहिते ते तुमच्याविषयीचं निदान समजू नका.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. 1973 मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूचं व्यसन असलेल्या आईवडिलांची मुलं, पण जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत दुरावलेली आणि दुसऱ्यांच्या घरी दत्तक वाढलेली. असे 55 मुलगे मोठेपणी शोधून काढले, तर त्यांतल्या 18 टक्क्यांना दारूचं व्यसन जडलेलं होतं. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं, अशा दत्तक मुलग्यांत हेच प्रमाण 5 टक्के होतं. बाप डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याची बाटली पाहिलेली नाही, तरी धोका तिपटीहून जास्त. पुढे जुळ्यांचे कितीतरी अभ्यास झाले आणि आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरला जाऊ लागला. तेव्हा 'रक्तात काही नसतं, सगळी संगत' असं म्हणणाऱ्या कोणालाही हे आकडे दाखवायला हरकत नाही.

पण त्याच अभ्यासाचा आकडा उलटा वाचा. शंभरांतल्या 18 जणांना जडलं, म्हणजे 82 जणांना नाही जडलं. पेशंटच्या मुलांना मी आधी हा 82 सांगते आणि मग 18. क्रम महत्त्वाचा असतो.

आता तो 'निम्मा वाटा'. याचा अर्थ 'माझं व्यसन निम्मं जनुकांनी ठरवलं' असा होत नाही. बहुतेक लोक तसाच घेतात, आणि पॉडकास्टवालेही बरेचदा तसाच सांगतात. हा आकडा एका माणसाचा नसतो. एका ठिकाणच्या, एका काळातल्या लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. समजा एका गावात दारूचा थेंब मिळत नाही. तिथे कोणीच पीत नाही, फरकच नाही, तर आनुवंशिकतेचा वाटा शून्य निघेल. लोकांचं रक्त मात्र तेच. त्याच गावाच्या फाट्यावर चार परमिट रूम आणि दोन धाबे उघडू द्या. आता ज्याच्या अंगात धोका आहे तो गडी पुढे सरकेल, आकडा वर चढेल. फिनलंडमध्ये किशोरवयीन जुळ्यांच्या अभ्यासात असंच दिसलं: पिण्यातला आनुवंशिक वाटा खेड्यापेक्षा शहरात जास्त निघाला. जनुकाचा जोर किती, हेच मुळी आजूबाजूच्या जगावर ठरत असेल, तर जग बाजूला काढून नुसतं जनुक मोजायचं कसं?

माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते. नवा पेशंट आला की मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्या घराण्याचा नकाशा काढते. पुरुष चौकोन, बाई गोल. ज्याला व्यसन, तो आकार पेनाने भरून काळा करायचा. काही वर्षांपूर्वी ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असलेला एक जण आला होता. तीन पिढ्यांचा कागद भरला. आजोबा काळे, चुलत आजोबा काळे, वडील, दोन काका, हा स्वतः आणि धाकटा भाऊ, सगळे काळे. त्याने कागदावर बोट ठेवलं आणि अगदी तुमच्यासारखंच म्हणाला, 'बघा मॅडम, खानदानीच हाय.' मी त्याला गोल मोजायला लावले. आजी, तीन आत्या, दोन बहिणी, चुलत बहिणी. अकरा गोल आणि एकही भरलेला नाही. आत्याही त्याच आजोबांच्या लेकी. बापाकडून मुलीलाही निम्मी जनुकं येतातच की. मग ते 'खानदानी' आत्यांच्या दारातून परत फिरलं का? तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'बायका कुठं पित्यात व्हय?' त्याच्या त्या एका वाक्यात जे होतं, ते कुठल्याही रक्ततपासणीत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, बायकांचं शरीरच वेगळं. आहेच. तेवढीच दारू प्यायली तर बाईच्या रक्तात तिचं प्रमाण जास्त चढतं, लिव्हरही लवकर बिघडतं. पण जुळ्यांच्या अभ्यासांत व्यसनातला आनुवंशिक वाटा बायकांमध्येही पुरुषांइतकाच निघतो. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरचे देशातले सुमारे 19 टक्के पुरुष आणि 1.3 टक्के बायका दारू पितात असं आढळलं. अरुणाचल प्रदेशात मात्र पुरुष सुमारे 53 टक्के आणि बायका 24 टक्के. तिथली बाई आपल्याकडच्या पुरुषाच्या पुढे. तिथे अपाँग नावाची तांदळाची दारू घरोघरी होते, ती गाळणाऱ्या बायकाच असतात, पाहुण्याला आणि देवाला ती लागते. आपल्याकडे पिणाऱ्या बाईबद्दल काय बोललं जातं, ते मी लिहायला नको. त्या आत्यांना वाचवलं ते जनुकांनी नव्हे, लोक काय म्हणतील या धाकाने. मला तो धाक मुळीच आवडत नाही, पण परिणाम त्याचा आहे, हे कबूल करावंच लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण जपानचं आहे. जरा तपशिलात सांगते, कारण त्यात माझी एक गोळीही येते.

आपलं लिव्हर दारूचा निकाल दोन टप्प्यांत लावतं. पहिल्या टप्प्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, दुसऱ्यात त्याचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम बनवणारं जनुक पूर्व आशियातल्या कोट्यवधी लोकांत कमजोर असतं. अशा माणसाने अर्धा ग्लास बिअर प्यायली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. निसर्गानेच बसवलेला ब्रेक. व्यसनाच्या आनुवंशिकतेत इतका जोरदार आणि इतका पक्का सिद्ध झालेला दुसरा जनुकीय परिणाम शोधून सापडणार नाही. आपल्याकडे हा बदल दुर्मीळ आहे. म्हणून आपल्या पेशंटला आम्ही डायसल्फिरम देतो. ही गोळी तेच एन्झाइम बंद पाडते. 1948 पासून वापरात आहे. थोडक्यात, जपानी माणसाला जन्मतः मिळालेला ब्रेक आम्ही सांगलीच्या माणसाला गोळीतून देतो.

(इथे जाता जाता एक धोक्याची सूचना. ही गोळी नवऱ्याच्या चहात किंवा आमटीत गुपचूप मिसळू नका. त्याला माहीत नसताना तो वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मी अशा केसेस पाहिल्या आहेत.)

तर जपानमधल्या दारूच्या व्यसनी रुग्णांत हा कमजोर जनुकाचा प्रकार असलेले किती, हे संशोधकांनी पाहिलं. 1979 मध्ये 2.5 टक्के. 1986 मध्ये 8 टक्के. 1992 मध्ये 13 टक्के. तेरा वर्षांत पाचपट. एवढ्यात कुठल्याही लोकसंख्येची जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज. हातात पैसा आला आणि ऑफिस सुटल्यावर साहेबांबरोबर बसून पिणं हा जणू नोकरीचाच भाग झाला. साहेबाने ग्लास भरला तर नाही कसं म्हणायचं? तोंड लाल होतंय, मळमळतंय, तरी पी. जगातला सर्वांत मजबूत जनुकीय ब्रेकसुद्धा साहेबाच्या आग्रहापुढे सैल पडला. नुसत्या जीवशास्त्राने समाज समजावून सांगू पाहणाऱ्या कोणालाही मी हे तीन आकडे दाखवते.

डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या आनंदाशी जोडलेल्या रसायनाचं, तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे, म्हणून थोडं. डोपामिन खोटं नाही. पण दारू पिताना, लेकीचं बक्षीस बघताना, पत्ते कुटताना, भजनात तल्लीन होताना, सगळीकडे ते आहेच. 'एसटी उशिरा का आली?' या प्रश्नाला 'इंजिनात डिझेल जळतं म्हणून' हे उत्तर चुकीचं नाही. फक्त वेळेवर आलेल्या एसटीतही डिझेलच जळत होतं.

आता टेस्ट. करू नका, पैसे वाचवा. 1990 मध्ये अमेरिकेत 35 व्यसनी आणि 35 बिगरव्यसनी मृतांच्या मेंदूंच्या नमुन्यांवरून 'दारूचं जनुक' सापडल्याची मोठी बातमी झाली होती. ते डोपामिनच्या एका ग्राहीचं (रिसेप्टरचं) जनुक होतं. पुढच्या संशोधनात तो संबंध विरघळत गेला, आणि ज्या खुणेवर सगळी मदार होती ती खूण शेजारच्याच वेगळ्या जनुकात असल्याचं कळलं. आज जे कळलं आहे ते असं, की व्यसनात शेकडो जनुकांचे बारीकबारीक हात असतात. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. तुमच्याकडे त्याहून चांगली टेस्ट आधीच आहे आणि ती फुकट आहे: आजोबा, काका, वडील. शिवाय एक प्रश्न स्वतःला विचारा. मित्रांना दोन पेगमध्ये चढते आणि तुम्हाला चढतच नाही, असं होतं का? मुलं हे मोठ्या अभिमानाने सांगतात. व्यसनी वडिलांच्या मुलग्यांवर अमेरिकेत दीर्घकाळ झालेल्या अभ्यासांत, सुरुवातीला कमी चढणं हे पुढच्या व्यसनाचं लक्षण ठरलं. धोक्याची घंटा ज्याला उशिरा ऐकू येते, तो पुढे जातो. तुमच्या घराण्यात, 'आपल्याला नाही चढत' हे वाक्य तोंडून निघालं की तिथेच थांबायचं. आणि अजून सुरुवातच केलेली नसेल, तर करू नका. यात तत्त्वज्ञान नाही, नुसता हिशोब आहे. लग्नाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण स्थळं बघत असाल, तर मुलीला घरची परिस्थिती स्पष्ट सांगा. नंतर कळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

उतरंडीचा मुद्दा तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलात, पण मला तो सोडवत नाही. 'रक्तातच आहे' हे वाक्य घरात आईच्या तोंडी असतं तेव्हा ते दुःख असतं. सरकारच्या तोंडी आलं की त्याचा कायदा होतो. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी आणि अशा अनेक समाजांतलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. हजेरी, बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पोराला वॉर्डात आणलं की आजही सोबतचा एखादा माणूस सहज म्हणून जातो, 'ह्यांची जातच तशी.' आणि उतरंड खरोखर हाडामांसात असते का, हे मोजून पाहणारी एक मराठी बाई होती. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यातून युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी तिथली धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही असं आपल्या गाईडच्याच पुढ्यात लिहून दिलं. त्यांनी जीवशास्त्र सोडलं नाही, ते नीट केलं. तुम्हाला पॉडकास्ट ऐकायचेच असतील, तर या कसोटीवर ऐका: बोलणारा काही मोजतोय, की आधीच ठरलेली उतरंड रसायनात घोळवून देतोय?

आता वडील. रागावू की नको, हे मी कोण सांगणार? पण एक सांगते. माझ्या भागात दरवर्षी आषाढ अमावास्येला, गटारीला, ढोसून पिणारे शेकडो लोक दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतात. महिनाभर थेंब नाही. माळ घातली की कित्येकांची कायमची सुटते. श्रावणात यांची जनुकं जातात कुठे? कुठेच नाही. सगळं गाव थांबलेलं असतं, कोणी आग्रह करत नाही, नाही म्हटलं तर कोणी हसत नाही. तुमच्या वडिलांनीही कधी श्रावण पाळला असेल. त्यांना 'तुमच्या हातात काहीच नाही' असं म्हणणं हे दयेचं वाटतं, पण उपचाराच्या दृष्टीने त्याहून घातक वाक्य नाही. ते ऐकलेला पेशंट गोळीही घेत नाही आणि व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगलाही जात नाही. आणि 'मनावर घेतलं तर आत्ता सुटेल' हेही तितकंच खोटं. वीस वर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूची घडण बदललेली असते. राग धरायचाच असेल, तर पिण्यापेक्षा उपचार टाळण्यावर धरा. तो राग कामी येतो.

आणि इथे मात्र सगळं जीवशास्त्राच्या हवाली करा. श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमचा वॉर्ड भरतो. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणाऱ्याने एकदम बंद केलं, की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात माणसं दगावतात. त्या काळात इच्छाशक्ती, संस्कार, समाज यांतलं काहीही उपयोगाचं नसतं, औषध लागतं. तुमचे वडील उद्या सकाळी 'आजपासून बंद' म्हणाले, तर आनंदाने पेढे वाटत बसू नका. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्या आणि रोज किती पितात ते खरं सांगा, निम्मं करून नको. कोणी ग्लुकोजचं सलाइन लावत असेल, तर आधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन दिलं का, हे विचारा. डॉक्टर चिडले तरी विचारा. आणि भास बहुधा रात्रीच सुरू होतात, तेव्हा गाडीवाल्याचा नंबर दिवसाच घेऊन ठेवा.